खुर्ज्याचे मग

मुलांनो, आपल्या मराठीत ‘मग’ हा शब्द दोन कामं करतो. गोष्ट ऐकताना ‘मग काय झालं?’ असं आपण विचारतो तो एक, आणि ज्यातून दूध पितो तो दुसरा. आज मी तुम्हाला दुसऱ्या मगाची गोष्ट सांगणार आहे. पण ती ऐकताना पहिला मग तुम्हाला पुष्कळदा लागेल, बरं का!

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव, चार खोल्या, कौलारू छप्पर आणि दारात एक मोठा गुलमोहर. या शाळेच्या शंभरीचा कार्यक्रम २६ जानेवारी २०२५ ला करायचं ठरलं. मुंबई-पुण्याहून जुने विद्यार्थी येणार. त्यांना आठवण म्हणून काय द्यायचं, यावर बैठकीत खूप खल झाला. स्टीलचा पेला म्हणावा तर तो घरोघरी असतो, घड्याळ महाग पडतं आणि पेन हरवतं. शेवटी चौथीच्या मुलांनी सुचवलेला चित्राचा मग सगळ्यांना पटला. एक आजोबा तेवढे म्हणाले, “बाई, फुटणारी वस्तू कशाला देता?” त्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, “आपण तरी न फुटणारे आहोत का रे?” झालं, ठराव मंजूर!

दुकानात याला ‘कॉफी मग’ म्हणतात. आमच्या गावात रोज कॉफी होणारं एकही घर मला माहीत नाही. असो. चहा-दूधही त्यात छान राहतं.

लोकवर्गणीतून मगांसाठी पंधरा हजार रुपये बाजूला काढले. मग हवे होते १५०. म्हणजे एका मगामागे किती रुपये? करा बघू तोंडी हिशेब!

मगावर काय छापायचं ते ठरायला वेळ लागला नाही. चौथीतल्या एका मुलीनं शाळेचं चित्र काढलं होतं. लाल कौलं, लालभडक गुलमोहर, पायरीवर झोपलेलं कुत्रं, आणि खाली पेन्सिलीनं ‘आमची शाळा’. या गोष्टीत आपण तिला चित्रकारच म्हणू या.

चित्र घेऊन मी आधी साताऱ्याला एका दुकानात गेले. तिथे वाढदिवसाला फोटोचे मग करून देतात. ते कसे करतात हे मी तिथे उभी राहून पाहिलं. मगावर आधीच एक पारदर्शक लेप दिलेला असतो. चित्र खास शाईनं कागदावर छापतात, आणि तेही उलटं, आरशात दिसतं तसं. तो कागद मगाभोवती गुंडाळून मग एका तापलेल्या पट्ट्यात तीन-चार मिनिटं दाबून धरतात. उष्णता असते १८० ते २०० अंश. त्या उष्णतेनं शाईची एकदम वाफ होते. ती पातळ न होताच थेट वायू बनते, आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांसारखी. ती वाफ लेपात शिरते आणि कागद काढला की चित्र सुलट! एकच मग हवा असेल, फोटोसारखे खूप रंग हवे असतील, तर ही रीत फार सोयीची आहे. पण रंग बसतो तो वरच्या लेपात. घासणीनं खसाखसा घासला तर तो हळूहळू फिका पडतो. आणि दुकानदारानं भाव सांगितला मगाला १६० रुपये. १५० मगांचे झाले चोवीस हजार! मी चित्राची गुंडाळी केली.

निघताना सहज विचारलं, “हे पांढरे मग बनतात कुठे?”

“काही बाहेरच्या देशातून येतात, काही खुर्ज्याहून,” तो म्हणाला.

खुर्जा! हे नाव मी ऐकलेलं होतं. माझ्या आजीकडे लोणच्याची बरणी होती, वरून तपकिरी आणि खाली पांढरी. ती पुसताना आजी म्हणायची, “खुर्ज्याची आहे, जपून!” लहानपणी मला वाटायचं, खुर्जा म्हणजे खुर्चीचा मोठा भाऊ असेल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला दिल्ली-आग्रा पाहायला जायचंच होतं. नकाशा काढला. खुर्जा उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात, दिल्लीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. मग काय! भाऊबीज करून आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा तिसरीतला मुलगा आणि त्याचे बाबा, गोवा एक्स्प्रेसनं निघालो. चित्र मी वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. खाली वाकलं तरी तो डबा माझ्या हातातच! दोन्ही रात्री मी उशाला डबा घेऊन झोपले.

दिल्लीहून अलीगढकडे जाणारी गाडी गाझियाबाद, दादरी करत खुर्जा जंक्शनला पोचते. गाव तिथून जरा आत आहे. ई-रिक्षात बसलो आणि गाव जवळ आलं तसे धुराड्यांचे उंच मनोरे दिसू लागले. विटांचे, खाली जाड आणि वर निमुळते. गंमत म्हणजे एकातूनही धूर येत नव्हता.

“कारखाने बंद आहेत का?” मी घाबरून रिक्षावाल्याला विचारलं.

तो हसला. हा भाग दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रात येतो. हवेच्या प्रदूषणामुळे तिथल्या कारखान्यांत कोळसा जाळायला १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे. भट्ट्या आता गॅसवर चालतात. जुनी धुराडी नुसती उभी आहेत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, आणि दुकानाबाहेर जमिनीवर मांडलेल्या कपबश्या, कुंड्या, बरण्या, फुलदाण्या, चिनी मातीचे हत्ती. एका गल्लीत माणूस डोक्यावर लांबलचक फळी घेऊन चालला होता आणि फळीवर ओळीनं कच्चे कप! सायकली, म्हशी, रिक्षा या सगळ्यांतून तो वाट काढत होता आणि कप जागचे हलत नव्हते. माझा मुलगा पुढे अर्धा तास डोक्यावर पाण्याची बाटली ठेवून चालायचा प्रयत्न करत होता.

खुर्ज्यात मातीकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. पण आजचं पांढरं खुर्जा घडायला एक युद्ध कारण झालं. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून भांडी येणं बंद पडलं. इस्पितळांतल्या रुग्णांना कपबश्या कुठून आणायच्या? म्हणून १९४२ मध्ये सरकारनं खुर्ज्यात एक कारखाना काढला. युद्ध संपल्यावर मागणी ओसरली, तेव्हा त्या जागी कुंभारांना तयार माती आणि भट्टी वापरायला देणारं केंद्र झालं. एकट्यादुकट्याला भट्टी बांधणं कुठलं परवडायला! अशा सोयीमुळे पुष्कळ लहान कारखाने उभे राहिले. आता तिथे कपबश्यांबरोबर विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटरही बनतात. खुर्ज्याच्या भांड्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि माती? ती खुर्ज्याची नाहीच! चिनी माती, फेल्स्पार, गारगोटीचा चुरा हे सगळं राजस्थान आणि गुजरातमधून येतं. गावाकडे आहे तो हात.

चार कारखाने फिरून आम्ही एक लहानसा कारखाना निवडला. मालक पन्नाशीचे होते. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅडमजी, रंग कितने?”

मी म्हटलं, “जितके चित्रात आहेत तितके.”

त्यांनी मान हलवली आणि मला समजावून सांगितलं. इथे चित्र छापायची रीत निराळी. धातूंच्या भुकटीपासून केलेले रंग एका गोंद लावलेल्या कागदावर छापतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, म्हणजे स्क्रीन. वरून एक पातळ पापुद्रा देतात. या कागदाला म्हणतात डेकल. पाण्यात बुडवला की गोंद विरघळतो आणि चित्र पापुद्र्यासकट कागदावरून सरकतं. तुम्ही खेळण्यातली चित्रं वहीवर उतरवता ना, तस्संच! ते मगावर चिकटवून रबराच्या पट्टीनं आतलं पाणी आणि हवा काढतात. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी भट्टीत तिथे भोक पडतं. मग हा मग पुन्हा भट्टीत, सुमारे ८०० अंशांना. पापुद्रा जळून जातो आणि रंग वितळून मगाच्या काचेसारख्या झिलईला कायमचा चिकटतो. मग किती का घासा ना!

मालकांनी कागदावर हिशेब मांडला. मग ६२ रुपये, डेकल आणि भट्टी २४ रुपये, एकूण ८६. दीडशे मगांचे १२,९००. स्क्रीनचे ६००. बांधणी आणि साताऱ्यापर्यंत वाहतूक १,५००. बेरीज केली तर बरोब्बर पंधरा हजार! मी आनंदानं टाळीच वाजवणार होते. पण हा हिशेब एका रंगाचा होता. दुसरा रंग घेतला की मगामागे नऊ रुपये आणि स्क्रीनचे सहाशे, म्हणजे १,९५० रुपये जास्त. आणि तो लाल असेल तर त्याहूनही महाग.

“लालच का महाग?” माझ्या मुलानं विचारलं.

“आग लाल को खा जाती है, बेटा.”

खरंच आहे ते. भट्टीच्या आचेत पुष्कळ रंग बदलतात, उडून जातात. लाल फार लहरी. निळा मात्र मोठा खंबीर. तो कोबाल्ट नावाच्या धातूपासून करतात आणि कितीही आच लागली तरी तो निळाच राहतो. जुन्या चिनी भांड्यांवर निळी नक्षी इतकी का दिसते, याचं एक कारण हेच. आणखी एक गोष्ट मालकांनी सांगितली, ती आईबाबांनी लक्षात ठेवावी. झिलईवरच्या काही रंगांत, विशेषतः लाल-पिवळ्यांत, शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. म्हणून शिसं नसलेला रंग मागावा आणि ओठ लागतात त्या काठापासून चित्र दोन बोटं खाली ठेवावं. आतल्या बाजूला तर चित्र नकोच.

मी निळा रंग सांगितला. दुसरं करणार तरी काय होते? लोकांनी पै-पै करून दिलेले पैसे. पण चित्रकाराला फोन करून सांगायचं धैर्य मला झालं नाही. तिचा लाल गुलमोहर निळा होणार होता. ‘उद्या सांगू’ असं म्हणून मी टाळलं. तुम्ही गृहपाठ टाळता ना, अगदी तसंच.

त्या संध्याकाळी मालकांनी आम्हाला खुरचन खायला घातलं. खुर्ज्याची ही खास मिठाई. दूध आटवताना वर येणारी साय कढईच्या कडेला लावत जायची, मग ती खरवडून थर लावायचे आणि साखर घालायची. खरवडणं म्हणजे खुरचना, म्हणून खुरचन. आपल्याकडे पातेल्याच्या तळाची खरवड खायला भांडणं होतात, इथे तिची मिठाईच केली!

मग आम्ही आग्र्याला गेलो. ताजमहालाच्या रांगेत उभी असताना फोन वाजला. कारखान्यातून चित्राचा नमुना आला होता, ‘पास करा, म्हणजे स्क्रीन बनवतो’ म्हणून. ऊन डोळ्यांवर, रांग पुढे सरकतेय, मुलाला तहान लागलेली. मी घाईघाईनं पाहिलं. छप्पर बरोबर, झाड बरोबर, कुत्रंसुद्धा पायरीवर. ‘ओके’ असं लिहून टाकलं आणि फोन पर्समध्ये.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा खुर्ज्याला उतरलो. भट्टीतून निघालेला पहिला मग मालकांनी माझ्या हातात ठेवला. गुळगुळीत, पांढराशुभ्र, निळं चित्र उठून दिसत होतं. मी मग फिरवला आणि माझ्या पोटात धस्स झालं.

खाली लिहिलं होतं, ‘आमची शाला’.

झालं होतं असं. पेन्सिलीची अक्षरं फिकट होती, म्हणून संगणकावरच्या मुलानं ती पुन्हा टाइप केली. त्याला वाटलं, या मुलीला ‘ल’ नीट काढता येत नाही. तो आनंदानं म्हणाला, “मॅडम, बच्ची ने ग़लत लिखा था, मैंने ठीक कर दिया!” त्याचं तरी काय चुकलं? आजच्या हिंदीच्या लिखाणात ळ दिसतच नाही. चूक माझी होती. पास मी केलं होतं.

मालक म्हणाले, “मतलब तो वही है ना? शाला, पाठशाला.” मुलाचे बाबाही हळूच म्हणाले, “चालेल की. कोण एवढं बघतंय?”

खरं सांगू? क्षणभर मलाही तसंच वाटलं. नवी स्क्रीन म्हणजे आणखी ६०० रुपये. पण मुलांनो, मी बारा वर्षं वह्या तपासते आहे. कुणी ‘शाला’ लिहिलं असतं, तर मी त्याच्याखाली लाल रेघ मारून पाच वेळा लिहून आणायला सांगितलं असतं. आता तेच दीडशे वेळा मी भट्टीत भाजून आणणार होते, आणि तेही न पुसणारं! मी म्हटलं, “नवी स्क्रीन करा. पैसे माझे.” वर्गणीतून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मालकांनी सांगितलं, अक्षरं टाइप करायची नसतील तर पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं ठळक लिहून, बरोबर वरून, उजेडात फोटो काढून पाठवा. म्हणजे आता फोन करावाच लागणार होता.

फोन लावण्याआधी धीर यावा म्हणून मी कारखान्यात एक चक्कर मारली. ती तुम्हालाही मारायलाच हवी.

पहिल्या खोलीत मोठमोठी पिंपं घरघरत होती. त्यांत माती, दगडाची भुकटी आणि पाणी घालून, आतल्या गोट्यांनी तासन् तास दळतात. मग त्यातलं पाणी दाबून काढतात आणि मातीचा कणकेसारखा गोळा होतो. पुढे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा गरगर फिरत होता. कारागिरानं त्यात गोळा टाकला, वरून लोखंडी पातं खाली आणलं आणि माझा मुलगा ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत मग तयार! साचा मातीतलं पाणी शोषतो, म्हणून थोड्या वेळानं मग आपोआप सुटा होतो. हे कच्चे मग आपल्या मगापेक्षा मोठे दिसतात. वाळताना आणि भाजताना ते आकसतात, दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून साचा आधीच मोठा करायचा.

कान मात्र वेगळे बनतात. एका ओळीत बसून बाया ते चिकटवत होत्या. फेविकॉल नाही, काही नाही. मातीचाच पातळ घोळ हा डिंक. कान आणि मग सारखेच ओले हवेत, नाहीतर वाळताना फट पडते. एक वयस्कर चाची तर मोजपट्टीशिवाय, नुसत्या नजरेनं कान सरळ बसवत होत्या. मी प्रयत्न केला. माझ्या मगाचा कान असा वाकडा झाला, की मुलगा म्हणाला, “आई, हा मार खाल्लेला वाटतोय.”

मग मग वाळतात, झिलईच्या दुधासारख्या पाण्यात बुचकळून निघतात आणि बूड पुसून भट्टीत जातात. बूड का पुसायचं? झिलई म्हणजे वितळणारी काच. ती बुडाला राहिली तर मग भट्टीतल्या फळीलाच चिकटेल. तुमच्या घरातला चिनी मातीचा कप आता उलटा करून बघा. खाली एक खरखरीत गोल रेघ सापडेल. तीच ती पुसलेली जागा!

ही भट्टी सुमारे १२०० अंशांची. पाणी उकळतं १०० अंशांना. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, म्हणजे आपला तांब्या जर तिथे ठेवला तर त्याचं पाणी होऊन जाईल! आतली आच कळायला मातीचे छोटे सुळके ठेवतात. ठरलेली उष्णता आली की ते मान टाकतात. कारागीर भिंतीतल्या भोकातून डोकावून ‘मान पडली का’ ते बघतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमची पडते ना, तशी.

चाचींना आमच्या ‘शाला’ची भानगड कळली होती. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “बेटी, वो अक्षर बोलके तो दिखा.” मी म्हटलं, “शाळा.” संगणकावरचा मुलगा म्हणाला, “शाडा?” मालक म्हणाले, “शाला!” सगळे हसायला लागले. पण चाची शांतपणे म्हणाल्या, “शाळा.” अगदी स्वच्छ, तुमच्या-माझ्यासारखं!

मी चकितच झाले. चाचींचं माहेर हरियाणात, रोहतककडे. त्या म्हणाल्या, “हमारे गाँव में काळा बोलते हैं, बादळ बोलते हैं. बस, लिखते नहीं.” ऐकलंत? हरियाणवी बोलीत ळ आहे! मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्या तिथे काम करत होत्या, पण त्यांच्या बोलीतलं हे अक्षर तिथे कुणाच्या कामाला आलं नव्हतं.

मग मी फोन लावला. आधी तिचे वडील बोलले, मग चित्रकार आली. मी सगळं खरं खरं सांगितलं. बाईंकडून चूक झाली. अक्षरं पुन्हा हवीत. आणि गुलमोहर लाल नसणार, सगळं चित्र निळं असणार.

पलीकडे शांतता. कुत्रं भुंकल्याचा आवाज तेवढा आला.

“बाई, कौलं पण निळी?”

“हो गं.”

“आभाळ पण?”

“सगळंच.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग मी रात्र करते.”

तासाभरात फोटो आला. तिनं आख्खं चित्र नव्यानं काढलं होतं. कौलांवर चंद्र होता, एका खिडकीत दिवा, गुलमोहर काळोखात दाट उभा, कुत्रं जागं होऊन चंद्राकडे बघत होतं. रात्री सगळं निळंच दिसतं, नाही का? खाली तिच्याच अक्षरात ‘आमची शाळा’. ळ महत्त्वाचा आहे असं मी बजावलं होतं, म्हणून तो बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठा काढला होता! संगणकावरचा मुलगा तो लहान करायला निघाला, तेव्हा चाचींनीच त्याला ओरडून थांबवलं.

डिसेंबरच्या शेवटी साताऱ्याला खोकी आली. ती उघडायला सगळी शाळा गोळा झाली होती. मग पेंढ्यात गुंडाळून, एकात एक न घालता, उभे रचलेले होते. चौथीच्या मुलांना मी परीक्षा घ्यायला शिकवलं. मग तळहातावर धरायचा आणि बोटाच्या पेरानं टकटक करायचं. टणत्कार आला तर मग धड. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. गावात मडकं घेताना बाया असंच वाजवून घेतात. मालकांनी दोन मग जास्तीचे पाठवले होते. १५२ मधले दोन चक्काचूर झाले होते आणि एक बद्द निघाला. तो पहिलीतल्या एका मुलानं ओळखला, सगळ्या मोठ्यांनी पास केल्यावर.

म्हणजे राहिले १४९. एक कमी. माझ्याकडे तो पहिला नमुना होताच, ‘आमची शाला’ वाला. मालकांनी तो मला भेट दिला होता. माझ्या वाटणीचा म्हणून मी तोच ठेवला.

कार्यक्रम चांगला झाला. फुटणारी वस्तू नको म्हणणारे आजोबा मग पंचात बांधून छातीशी धरून घरी गेले.

चुकीचा मग आता वर्गात माझ्या टेबलावर असतो. शुद्धलेखनात ज्याची एकही चूक होत नाही, त्यानं त्या दिवशी त्या मगातून पाणी प्यायचं, अशी प्रथा मुलांनीच पाडली आहे. मी काही सांगितलं नव्हतं. आमची चित्रकार जून २०२५ पासून पाचवीला शेजारच्या गावी जाते. तिला तिचा मग मिळाला आहे. पण ती त्यातून दूध पीत नाही, रंगाचे ब्रश धुते, अशी तिच्या आईची तक्रार आहे.